टीएनडी आला तरी गोळी चालूच का? एचआयव्हीच्या दडून बसलेल्या साठ्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात एका एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, काउन्सेलर आहे. टीएनडी म्हणजे रक्ताच्या तपासणीत व्हायरस न सापडणं. खालचे बहुतेक प्रश्न मला समोर बसून विचारलेले आहेत, काही दाराबाहेर चप्पल घालता घालता, कारण मनातला खरा प्रश्न माणूस निघतानाच विचारतो. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच, पण रोज तेच समजावून सांगायचं म्हणून वाचत गेले आणि डॉक्टरांना छळत गेले. तुमच्या गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशीच बोलून घ्या, एवढं सांगून सुरू करते.

रिझर्व्हॉयर म्हणजे काय? धरण?

पुणेकराला रिझर्व्हॉयर म्हटलं की खडकवासलाच आठवतं, आणि नेमकी तीच उपमा इथे फसते. धरणात पाणी एका जागी असतं, पातळी रोज पेपरात येते, दारं उघडली की कमी होतं. एचआयव्हीचा साठा तसा नाही. तो अंगभर विखुरलेल्या थोड्याशा पेशींमध्ये असतो, त्या पेशी बाहेरून शेजारच्या निरोगी पेशींसारख्याच दिसतात, आणि आत व्हायरस कसा बनवायचा ते सगळं लिहिलेलं असतं, फक्त सध्या कोणी ते वाचत नसतं. पुस्तकात याला सुप्त साठा म्हणतात. मी दडलेला साठा म्हणते.

माझा टीएनडी आलाय. म्हणजे व्हायरस गेला ना?

नाही गेला. टीएनडी म्हणजे टार्गेट नॉट डिटेक्टेड. व्हायरल लोडची टेस्ट प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, मोकळा फिरणारा व्हायरस मोजते, पेशीच्या पोटात काय आहे ते ती बघतच नाही, त्यासाठी ती बनवलेलीच नाही. आमच्याकडे एक काका येतात, पीएमटीत कंडक्टर होते, त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे रस्त्यावर कोणी नाही, पण घरं भरलेली आहेत." बरोब्बर तेच.

पण म्हणून टीएनडीला कमी लेखू नका हं. रस्ता रिकामा असणं हीच मोठी गोष्ट आहे, सीडी फोर, म्हणजे आजारांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वाढतात ते त्यामुळेच, टीबी वगैरे लांब राहतो तेही त्यामुळेच.

लपतो लपतो म्हणता, पण बसतो नेमका कुठे?

इथे जरा वेळ द्या, कारण हे एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

एचआयव्हीचा मजकूर आरएनएमध्ये असतो. सीडी फोर पेशीत शिरला की तो आधी त्या आरएनएचं डीएनए करून घेतो आणि मग तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. पहिलं काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, दुसऱ्याचं इंटिग्रेज. नावं विसरा हवं तर, मी गावाकडच्या माणसांना सातबाऱ्यावरून सांगते. जमीन तुमची, पण तलाठ्याकडे फेरफार करून एकाने आपलं नाव उताऱ्यावर चढवलं. तो शेतात येत नाही, नांगर धरत नाही, बांधावर भांडतही नाही, तुम्हाला वर्षानुवर्षं पत्ताच नाही. पण नाव आहे, आणि पुढे त्या उताऱ्याच्या जितक्या नकला निघतील त्या प्रत्येकीवर ते असणारच. पेशीत चिकटून बसलेल्या या व्हायरसला प्रोव्हायरस म्हणतात.

आता गोळीकडे बघा. आपल्याकडे बहुतेकांना टीएलडी चालू असते, एका गोळीत तीन औषधं. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन आरएनएचं डीएनए होऊ देत नाहीत, आणि डोल्युटेग्रेव्हिर तो डीएनए चिकटू देत नाही. म्हणजे तिन्ही औषधं नवीन फेरफार अडवणारी! आधीच चढलेलं नाव खोडण्याची ताकद यातल्या एकातही नाही. गोळी कमी पॉवरची आहे असं काही नाही, तिचं काम दारावर आहे, घरात शिरलेला तिच्या हद्दीत येत नाही.

पण ज्या पेशीत व्हायरस शिरतो ती मरते ना? मग उरतं काय?

बहुतेक मरतातच. जोरात कामाला लागलेली सीडी फोर पेशी व्हायरसला फार आवडते, आणि ती एकदा व्हायरस बनवायला लागली की साधारण दिवसा-दोन दिवसात संपते. म्हणून तर गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच लोड धाडकन खाली येतो.

भानगड होते ती थोड्याशा पेशींची. काही सीडी फोर पेशी काम संपवून विश्रांतीला जातात आणि स्मृती पेशी होतात, मेमरी सेल. लहानपणी टोचलेली लस अंगाला इतकी वर्षं लक्षात राहते त्यात यांचा मोठा वाटा, म्हणजे यांची जातच अशी की टिकून राहायचं. पेशी विश्रांतीला जायच्या बेतात असताना व्हायरस शिरला तर ती मरत नाही, त्याला पोटात घेऊन झोपी जाते. जी व्यवस्था आपल्याला वर्षानुवर्षं वाचवायला आहे त्याच व्यवस्थेत याने भाड्याशिवाय खोली मिळवली, आणि मला विचाराल तर या आजारातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

त्याला झोपवतं कोण? की तो मुद्दाम लपतो?

मुद्दाम वगैरे काही नाही, त्याला डोकं नाही. पेशी झोपली की व्हायरस आपोआप झोपतो. व्हायरसचा मजकूर वाचायला पेशीचीच माणसं लागतात, एनएफ-कप्पा-बी आणि एनफॅट नावाची प्रोटीन, आणि विश्रांतीतल्या पेशीत ती केंद्रकाच्या बाहेर अडकून असतात. वर त्या जागेचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या रिळांभोवती घट्ट गुंडाळलेला. तिसरं म्हणजे व्हायरसचं स्वतःचं टॅट नावाचं प्रोटीन, ते असलं तर वाचन भराभर होतं, पण टॅट बनायलाच आधी थोडं वाचन व्हावं लागतं. कोंबडी आधी की अंडं आधी तसलं प्रकरण. वाचन नाही म्हणून टॅट नाही, टॅट नाही म्हणून वाचन नाही.

दुपारी १ ते ४ मध्ये लक्ष्मी रोडच्या गल्लीतल्या जुन्या दुकानासमोर उभं राहिल्यासारखं आहे. शटर खाली. आत माल आहे, मालक आहे, पण बाहेरून काहीच कळत नाही. आपली इम्यून सिस्टीम गस्त घालते ती पेशीच्या दारावर काय मांडलंय ते बघून, आणि झोपलेल्या पेशीच्या दारावर व्हायरसचा तुकडासुद्धा मांडलेला नसतो, मग ती पुढे निघून जाते.

पुढे कधीतरी ती पेशी तिच्या कामासाठी जागी होते, आणि तिच्याबरोबर हाही जागा होतो. गोळी चालू असेल तर बाहेर पडलेला व्हायरस पुढच्या पेशीत जाऊन काही करू शकत नाही. गोळी नसेल तर तेवढी एक पेशी पुरते.

हे कधी कळलं? आधी तर म्हणत होते बरा होईल.

हो, म्हणत होते. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला जायला लागली. मग गणितं मांडली गेली, १९९७ साली तर असा हिशोब छापून आला होता की दोन-तीन वर्षं गोळ्या नीट घेतल्या तर व्हायरस पुरता संपेल. पण त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या गटांनी, जॉन्स हॉपकिन्समध्ये रॉबर्ट सिलिसियानो, कॅलिफोर्नियात डग्लस रिचमन आणि एनआयएच या अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेत अँथनी फाउची यांच्या टीमनी, गोळ्यांवर लोड खाली गेलेल्या माणसांच्या रक्तातल्या झोपलेल्या पेशी काढल्या, लॅबमध्ये जाग्या केल्या, आणि त्यातून जिवंत व्हायरस बाहेर आला. संपलं. तेव्हापासून हा साठा हाच क्युअरच्या वाटेतला मुख्य धोंडा आहे.

७३ वर्षं असं कुठेतरी वाचलं. ते काय आहे?

हा हिशोब मी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने करून दाखवते, तुम्हीही करा. सिलिसियानोंच्या टीमने लोकांना वर्षानुवर्षं तपासलं आणि २००३ साली सांगितलं की गोळ्या नीट चालू असताना हा साठा निम्मा व्हायला साधारण ४४ महिने लागतात. धरा की अंगात अशा १० लाख पेशी आहेत. निम्मे करत जा, ५ लाख, अडीच लाख, सव्वा लाख... एकावर यायला २० वेळा निम्मे करावे लागतात. २० गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, भागिले १२. आलं का ७३?

आणि हा चांगल्या बाजूचा हिशोब झाला. २० वर्षांहून जास्त काळ गोळ्यांवर असलेल्यांना तपासलं तेव्हा, ते २०२३ साली आलं, साठा पुढे कमी होणं थांबलेलं दिसलं, सरासरीने उलट हळूहळू वाढताना. हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, मला माहितीये. पण घाबरायचं काही नाही, गोळी चालू आहे तोवर साठा १० लाखांचा काय नि २० लाखांचा काय, लोड टीएनडीच राहतो.

गोळी नवीन पेशी बाधित होऊ देत नाही, जुन्या पेशी म्हाताऱ्या होऊन मरतात, मग साठा वाढतो कसा?

हा प्रश्न मला एका बारावीतल्या मुलीने विचारला होता, जन्मापासून गोळ्यांवर आहे ती, आणि मला तेव्हा उत्तर आलं नव्हतं. घरी जाऊन वाचलं.

उत्तर असं की पेशी स्वतःच्या नकला काढतात. स्मृती पेशींची संख्या टिकवायला शरीर त्यांना अधूनमधून दुभंगायला लावतं, आयएल-७ नावाचा सिग्नल असतो त्यासाठी. शिवाय ती पेशी ज्या जंतूला ओळखते तो पुन्हा आला की त्याच्याशी लढायला ती एकाच्या हजार होते. पेशी दुभंगली की तिचा डीएनए जसाच्या तसा उतरतो, आणि त्यात व्हायरसचा मजकूरही. सातबाऱ्याची नक्कल. बाहेर एकही व्हायरस न पडता, एकही नवीन पेशी बाधित न होता साठा भरत राहतो, आणि इथे गोळीला अडवण्यासारखं काही नसतंच कारण फेरफार होतच नाहीये, जुन्याच उताऱ्याची झेरॉक्स निघतेय.

२०१४ मध्ये हे पक्कं दिसलं, व्हायरस डीएनएमध्ये नेमका कुठल्या जागी चिकटलाय ते पाहिल्यावर. अगदी तीच जागा कितीतरी पेशींमध्ये सापडली, म्हणजे त्या सगळ्या एकाच आईच्या लेकी. काहींमध्ये तर तो बॅक-टू वगैरे पेशीच्या वाढीशी संबंधित जीनच्या आत बसलेला होता.

यात एक बरी बाजूही आहे. चिकटलेल्या प्रोव्हायरसपैकी ९० टक्क्यांहून जास्त मोडके असतात, मोठे तुकडे गळालेले किंवा आपल्याच पेशीच्या अपोबेक नावाच्या एन्झाइमने चुका करून ठेवलेल्या. त्यातून व्हायरस बनत नाही. उरलेले धड असतात आणि त्रास त्यांचाच. एका वेळी लॅबमध्ये जागी होणारी पेशी दहा लाख विश्रांतीतल्या सीडी फोरमध्ये साधारण एक, पण धड असून पहिल्या हाकेला न उठलेले धरले तर साठा ६० पटीपर्यंत मोठा असू शकतो, हे २०१३ मध्ये कळलं.

फक्त रक्तात असतो का?

नाही हो. रक्तात तर सीडी फोर पेशींचा लहानसाच भाग फिरत असतो. जास्तीत जास्त पेशी लिम्फ नोडमध्ये आणि आतड्याच्या आवरणात राहतात, तिथेच साठाही जास्त. लिम्फ नोडमध्ये बी पेशींची जी वसाहत असते, फॉलिकल, तिथे मारेकरी सीडी ८ पेशी फारशा आत जात नाहीत, त्यामुळे तिथे जरा निवांतच. प्लीहा, अंडकोश, मेंदूतल्या मायक्रोग्लिया, इथेही. "रक्त बदलून टाकलं तर?" असं विचारतात काही जण, त्याचं उत्तर यात आलं.

लवकर गोळ्या सुरू केल्या तर साठा बनणारच नाही का?

लहान बनतो, नक्की. बनतच नाही असं मात्र नाही. माकडांवर प्रयोग झाला, २०१४ चा, त्यांच्यातल्या एसआयव्हीचा, म्हणजे माकडांमधल्या एचआयव्हीसारख्या व्हायरसचा, संसर्ग देऊन अवघ्या तिसऱ्या दिवशी औषधं सुरू केली, तेव्हा रक्तात व्हायरस दिसायलाही लागला नव्हता, आणि तरी औषधं थांबवल्यावर तो आलाच.

माणसात मिसिसिपीच्या बाळाची गोष्ट आहे, ती मला दरवेळी सांगताना जड जाते. २०१० मध्ये अमेरिकेत जन्मलेलं बाळ, जन्मानंतर ३० तासांत औषधं सुरू झाली. दीड वर्षाचं असताना औषधं सुटली, आणि तरी व्हायरस परत दिसला नाही. जगभर पेपरात आलं, बाळ बरं झालं म्हणून. २७ महिने तसे गेले. मग २०१४ च्या जुलैमध्ये नेहमीच्या तपासणीत व्हायरस सापडला. २७ महिने तो कुठेतरी एका-दोन पेशींत पडून होता, इतक्या छोट्या जीवात.

तरी लवकर सुरू करण्याचे फायदे खूप आहेत. फ्रान्समध्ये १४ जणांचा एक गट आहे, त्यांनी लागण झाल्या झाल्या काही आठवड्यांत औषधं घेतली, काही वर्षांनी थांबवली, आणि व्हायरस बराच काळ काबूत राहिला. असे लोक फार थोडे, आणि आपण त्यातले आहोत का हे थांबवल्याशिवाय कळत नाही, म्हणून कोणी घरी करून बघू नये. आपल्याकडे २०१७ पासून सीडी फोर कितीही असले तरी पॉझिटिव्ह आल्यावर लगेच गोळी सुरू करतात.

पाच वर्षं टीएनडी आहे. महिनाभर थांबवून बघू का? पित्ताचा त्रास होतो.

पित्ताचं डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय आहे. थांबवू नका.

थांबवल्यावर बहुतेकांमध्ये दोन-तीन आठवड्यांत व्हायरस परत दिसायला लागतो. आमच्याकडे एक दादा होते, ड्रायव्हर, भाचीच्या लग्नासाठी गावी गेले, तिथे पाहुण्यांच्या गर्दीत डबी काढता येईना, मग "आता तर टीएनडी आहे" म्हणून सोडली ती सोडलीच. बरं वाटत होतं, हाच तर घोळ, पहिले काही महिने बरंच वाटतं. परत आले तेव्हा बारीक झाले होते, खोकला, टीबी निघाला. आता ठीक आहेत, पण वर्ष गेलं त्यात.

गोळ्या थांबवत-सुरू करत चालेल का हे मोठ्या प्रमाणावर तपासूनही झालंय, स्मार्ट नावाचा अभ्यास होता, पाच हजारांहून जास्त माणसं, २००६ मध्ये निकाल आला. थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटीच्या आसपास. त्याच्यानंतर तो विषयच बंद झाला.

एकही गोळी चुकवत नाही, तरी लोड ७०-८० येतो. मॅडम ओरडतात.

त्या ओरडणाऱ्या मॅडम मीच. एका मावशींना मी तीन वेळा बोलले होते, गोळ्या मोजल्या, डबी उलटी करून मोजल्या, हिशोब बरोबर. तरी माझ्या डोक्यात हेच की काहीतरी लपवताहेत. त्या रडल्या, मी तरी ऐकलं नाही.

नंतर वाचलं. गोळी नीट चालू असताना लोड मधेच थोडा वर जाऊन पुढच्या वेळी खाली येतो, त्याला ब्लिप म्हणतात, कधी तो नुसता टेस्टचा फरक असतो आणि कधी एखादी झोपलेली पेशी उठून तिने थोडा व्हायरस सोडलेला असतो. आणि काही जणांमध्ये तर, २०२० मध्ये हे नीट दाखवलं गेलं, नकला काढून काढून मोठा झालेला एखादा पेशींचा गट सतत थोडा थोडा व्हायरस सोडत राहतो, लोड थोडासा वरच राहतो, आणि तरी ना रेझिस्टन्स असतो, म्हणजे व्हायरस औषधाला जुमानेनासा झालेला नसतो, ना गोळी चुकलेली असते. त्या व्हायरसला पुढे कुठे जाता येत नाही, गोळी दारावर उभी आहेच. मावशींची मी माफी मागितली. म्हणाल्या, "असू दे, पण आता बाकीच्यांना बोलू नका."

१००० च्या वर गेला तर मात्र वेगळं प्रकरण, तेव्हा गोळ्यांची चौकशी आणि पुन्हा टेस्ट होणारच, त्याचा राग धरू नका.

साठा मोजायची टेस्ट कुठल्या लॅबमध्ये मिळेल?

रोजच्या लॅबमध्ये नाही मिळत, रिसर्चपुरतीच आहे. जुन्या पद्धतीत १०० मिलीहून जास्त रक्त लागतं आणि दोन-तीन आठवडे पेशी वाढवत बसावं लागतं. कोणी पॅकेजमध्ये देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

बर्लिनचा माणूस बरा झाला, मग आम्हाला का नाही देत ते?

टिमोथी रे ब्राउन. त्यांना ब्लड कॅन्सर झाला होता, त्यासाठी बोन मॅरो ट्रान्सप्लान्ट करावाच लागणार होता. डॉक्टरांनी मुद्दाम असा दाता शोधला ज्याच्या पेशींवर सीसीआर-५ हा दरवाजाच नव्हता, डेल्टा-३२ नावाचा जीनमधला बदल, उत्तर युरोपात साधारण शंभरात एकाला आई आणि वडील दोघांकडूनही आलेला असतो, आपल्याकडे फारच विरळ. २००७ मध्ये एक ट्रान्सप्लान्ट, मग दुसरा, मरता मरता वाचले. एचआयव्ही परत आला नाही, कॅन्सर परत आला आणि २०२० मध्ये ते गेले. पुढे लंडनचे ॲडम कॅस्टिलेजो आणि आणखी थोडे, सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

गंमत म्हणजे जिनिव्हातल्या एका पेशंटच्या दात्यात तो बदल नव्हता, दरवाजा होताच, तरी व्हायरस परत आलेला नाही. तर बॉस्टनच्या दोघांमध्ये, त्यांनाही साधाच दाता होता, गोळ्या थांबवल्यावर एकाला तीन महिन्यांत आणि दुसऱ्याला आठ महिन्यांच्या आसपास तो परत आला. दात्याच्या पेशी जुन्या पेशींना परक्या समजून मारत जातात, त्यात साठाही साफ होतो असं दिसतं, पण कुणाचा पूर्ण आणि कुणाचा एक पेशी राखून, ते आधी सांगता येत नाही. आणि ट्रान्सप्लान्टमध्येच माणूस जाऊ शकतो. रोज एक गोळी घेऊन धडधाकट असलेल्या माणसाला कुठला डॉक्टर त्या वाटेला नेईल?

झोपलेल्याला उठवून मारायचं, असं काही चालू आहे म्हणे?

शॉक अँड किल. शेतकऱ्याला हे एका मिनिटात कळतं. पेरणीआधी रानाला पाणी द्यायचं, तण उगवू द्यायचं, आणि मग वखर मारायचा. इथे पाणी म्हणजे व्होरिनोस्टॅटसारखी औषधं, मूळची कॅन्सरची, ती घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल करतात. २०१२ मध्ये माणसात दिसलं की होय, एका डोसनेसुद्धा झोपलेला व्हायरस कुजबुजायला लागतो.

पण साठा काही कमी होईना. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या रिव्हर ट्रायलमध्ये उठवणारं औषध आणि मारायला लस दोन्ही दिलं, तरी नुसत्या गोळ्यांवाल्यांपेक्षा फरक पडला नाही. का, ते लव्हाळ्याशी झगडलेल्या माणसाला विचारा. एका पाण्याने सगळ्या गाठी फुटत नाहीत. काही पहिल्या पावसाला, काही तिसऱ्याला, काही पुढच्या साली, आणि वर आलेला कोंब खुडला तरी खाली गाठ शाबूत. माझ्या सासऱ्यांनी अर्धा एकर लव्हाळ्याला कंटाळून पडीक टाकलाय, त्यामुळे हा विषय घरी काढायची सोय नाही.

याच्या उलटा विचारही आहे, ब्लॉक अँड लॉक, म्हणजे त्याला उठवायचंच नाही, असा कायमचा झोपवायचा की गोळी सुटली तरी जागा होणार नाही. टॅटला अडवणारी औषधं त्यासाठी तपासताहेत. मला मनातून ही वाट जास्त पटते, कारण काही थोडी माणसं मुळात औषधाशिवायच व्हायरस दाबून ठेवतात, एलिट कंट्रोलर म्हणतात त्यांना, आणि २०२० मध्ये दिसलं की त्यांच्यातले धड प्रोव्हायरस बरेचदा डीएनएच्या अशा ओसाड पट्ट्यात बसलेले असतात जिथे पेशी फिरकतच नाही. मग क्रिस्परची कात्री आहे, प्रोव्हायरस कापून काढायची. माणसांत पहिली चाचणी झाली, सुरक्षित वाटली, पण गोळ्या थांबवल्यावर व्हायरस परत आला. कात्री प्रत्येक पेशीपर्यंत पोचवायची कशी, तिथेच अडलंय.

एका ठिकाणी ९० दिवसांत निगेटिव्ह करून देतात. जाऊ का?

नका जाऊ. एका जोडप्याने चाळीस हजार घालवले, पावडरच्या पुड्या होत्या, आणि "निगेटिव्ह" रिपोर्ट म्हणून जो दाखवला तो टीएनडीच होता, आमच्याच गोळ्यांनी आलेला! कायद्याने सुद्धा एड्स बरा करतो असा दावा कुठल्या औषधावर करता येत नाही, औषधांच्या नियमांमधल्या शेड्यूल जे मध्ये ते नाव आहे. आणि साधी एचआयव्ही टेस्ट अँटिबॉडी बघते, ती टीएनडी असलेल्यांचीही सहसा पॉझिटिव्हच येत राहते, त्यामुळे ती परत परत करून जीव टांगणीला लावू नका.

साठा आहे म्हणजे बायकोला होऊ शकतो?

गोळी रोज चालू आणि लोड टीएनडी असेल तर संबंधातून नाही. झोपलेल्या पेशींमुळे सुद्धा नाही. हे मनाच्या समाधानासाठी सांगत नाही, एचपीटीएन ०५२ नावाचा १७६३ जोडप्यांचा अभ्यास होता, त्यात आपली भोसरीची नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, सुद्धा होती, पुण्यातली जोडपी होती त्यात. २०११ मध्ये कळलं की लवकर गोळी सुरू केली तर जोडीदाराला लागण ९६ टक्के कमी. नंतर युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत लोड दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. यालाच यू=यू म्हणतात, म्हणजे टेस्टमध्ये व्हायरस दिसत नसेल तर तो संबंधातून पसरतही नाही.

रक्तदान मात्र करायचं नाही, कधीच. तिथे पेशीसकट रक्त जातं.

आपल्याकडचा व्हायरस तिकडच्यासारखाच आहे का?

नाही, आपल्याकडे बहुतेक सबटाइप सी, म्हणजे एचआयव्हीचा सी उपप्रकार, आणि साठ्यावरचं बरंचसं संशोधन अमेरिका-युरोपातल्या सबटाइप बी वर झालंय. मघाशी एनएफ-कप्पा-बी म्हटलं ना, व्हायरसच्या मजकुराच्या सुरुवातीला त्याला बसायला जागा असतात, बी मध्ये साधारण २, सी मध्ये ३, आणि बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या उदयकुमार रंगा यांच्या गटाने भारतात ४ जागांचे व्हायरस दाखवले. झोपण्या-उठण्याचं बटणच जरा वेगळं आहे म्हटल्यावर तिकडचं औषध इकडे तसंच चालेल असं धरून चालता येणार नाही, त्यामुळे इथल्या माणसांवर इथेच काम व्हायला हवं असं माझं मत.

वारीला चाललोय. तेवढे दिवस गॅप चालेल का?

नाही चालत, आणि गरजही नाही. तारखेच्या आधी येऊन जास्तीच्या गोळ्या घेऊन जा, निघायच्या आदल्या दिवशी नको. वाटेत काही अडलं तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे. वेळ एकच धरा, संध्याकाळच्या मुक्कामाला बरी पडते. डबी पिशवीत खुळखुळते आणि शेजारचा विचारतो कसली गोळी, ही बऱ्याच जणांची खरी अडचण, तर वर थोडा स्वच्छ कापूस दाबून बसवा, वाजत नाही. आतली ओल शोषणारी ती छोटी पुडी मात्र काढून टाकू नका, पावसात लागते.